मोजणीबाहेरचे हात

मनमाडहून नगरकडे जाणारा आणि नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते ज्या गावात परस्परांना छेदतात, त्या येवल्याची कीर्ती पैठणीमुळे दूरवर पसरली असली, तरी त्या कीर्तीच्या छायेत याच गावी आणखी एक हस्तकौशल्य नांदत आहे आणि त्याची दखल क्वचितच कोणी घेतली आहे. विंचूर चौफुलीपासून कोणत्याही दिशेने निघावे, पत्र्याच्या छपराखाली हेड उतरवून ठेवलेली इंजिने, डिझेलच्या घमेल्यात बुडवलेले पिस्टन आणि कोपरापर्यंत काळ्या ऑइलने माखलेले हात दृष्टीस पडल्यावाचून राहत नाहीत. पानेवाडीच्या डेपोंतून इंधन भरून निघालेले टँकर, कोपरगावच्या साखर कारखान्यांकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर, शिर्डीच्या भाविकांच्या मोटारी आणि येवला, अंदरसूल, लासलगावच्या बाजारांत कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्या, यांपैकी ज्याचे म्हणून इंजिन वाटेत कुरकुरू लागते, त्याला आसरा या छपरांचाच असतो. तेथे राबणाऱ्या माणसांच्या देहाची सुरक्षितता हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि तो केवळ मिस्त्रींचा विषय नसून, ज्यांची ज्यांची वाहने त्यांच्या हातून दुरुस्त होऊन रस्त्यावर येतात त्या सर्वांचा आहे, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

आपल्याकडे कामगाराच्या सुरक्षिततेचा कायदा जन्मास आला तो माणसे मोजीतच. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने जेथे शंभर माणसे कामास असतील तेवढेच कारखाने आपल्या कक्षेत घेतले. १८९१ साली ही संख्या पन्नासावर आली, १९२२ साली विसावर आली आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यांपुरती ती दहावर आणून ठेविली. या उतरत्या आकड्यांमागे माणसांचे श्रम आहेत. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांचे निवेदन सरकारी आयोगासाठी तयार करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुटीबरोबरच, यंत्रावर जायबंदी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, हीही मागणी त्यात घातली होती. येवल्याच्या माणसाला तर या इतिहासाशी आपले नाते सांगण्याचा विशेष अधिकार आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावच्या परिषदेत धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, तेच पुढे १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या खात्याची, आणि कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे केंद्रीय कार्यालय १९४५ साली उभे राहिले तेही त्यांच्याच कारकीर्दीत.

१९४८ च्या कायद्यातील कलमे आजही वाचून पाहावीत. त्यांची भाषा कोरडी असली, तरी तिच्यामागे कोणा ना कोणा अनाम कामगाराची दुखापत उभी आहे हे जाणवते. फिरत्या यंत्राला कुंपण असावे, चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगासरशी असावेत, जेथे कण उडतात तेथे डोळ्यांना संरक्षण असावे, ज्या टाकीत ज्वालाग्राही द्रव्य होते तिला ते द्रव्य आणि त्याची वाफ पूर्ण निघून गेल्याखेरीज वेल्डिंगची ज्योत लावू नये, हे सारे त्यात स्पष्ट लिहिले आहे. परंतु २०१५ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राने कारखान्याची किमान कामगारसंख्या पुन्हा विसावर नेली आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही वीस हीच संख्या धरली. म्हणजे १९२२ साली जेथे होतो, तेथेच आपण शतकाअखेर येऊन पोहोचलो. अर्थात येवल्याच्या गॅरेजाला या चढउताराने फरक पडला असे नाही. एक मिस्त्री, फार तर त्याचा एखादा भाऊबंद आणि हाताखाली दोन-तीन पोरे, एवढाच ज्याचा संसार, ते गॅरेज दहाच्या मोजणीतही नव्हते आणि विसाच्या मोजणीतही नाही.

अपघात घडल्यानंतरचीही तीच स्थिती आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात देहाच्या अवयवांचा हिशेब मांडून ठेविला आहे: अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्क्यांनी घटली असे धरावे, तर्जनी संपूर्ण गेली तर चौदा टक्क्यांनी, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर चाळीस टक्क्यांनी. ज्या मिस्त्रीला बेअरिंगमधील सूतभर ढिलाई तर्जनीच्या टोकाने कळते आणि व्हॉल्व्ह बसला की नाही हे ज्याला बोट फिरवूनच समजते, त्याच्या बाबतीत चौदा टक्के हा आकडा फारच अपुरा आहे. पण तो अपुरा आकडा पदरात पाडून घ्यावयाचा, तरी आधी आपण अमुक मालकाकडे नोकर होतो हे शाबीत करावे लागते. आणि जेथे हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, शनिवारी हातावर ठेवलेल्या नोटांखेरीज नोकरीचा दुसरा दस्तऐवज नाही, तेथे शाबितीचे ओझे जखमी माणसाने कोणत्या खांद्यावर वाहावे?

म्हणून कायद्याचा हात जेथवर पोहोचत नाही तेथवर त्यातले शहाणपण तरी पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठी प्रथम एक घातक समजूत दूर झाली पाहिजे. इंजिन बंद केले म्हणजे ते निर्जीव झाले, ही ती समजूत. वास्तविक बंद केलेल्या इंजिनात दाब असतो, उष्णता असते, ताण असतो, वजन असते आणि वीजही असते. ते केवळ आवाज करीत नाही इतकेच. रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, आणि झाकण उघडताच दाब सुटून त्याची क्षणात वाफ होऊन ती झाकण उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. नव्या मोटारींचा विजेवरचा पंखा, चावी काढून घेतल्यावरही इंजिन तापलेले असेल तर आपोआप फिरू लागतो आणि त्या वेळी पट्ट्यापाशी कोणाचा हात आहे याची तो वाट पाहत नाही. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरलेली असताना चिमटा निसटला, तर ती थेट डोळ्याच्या रोखाने उडते. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि एखादी ठिणगी पडली तर आम्लासकट बॅटरी फुटते. म्हणूनच बॅटरी सोडविताना ऋण टोकाची तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी असा नियम आहे. हा क्रम उलटला आणि धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर पाना लाल होईपर्यंत वीज वाहते. हातात धातूचे कडे असेल तर तीच वीज कड्यातून जाते आणि मनगट भाजते. कडे, अंगठी, मनगटावरचा दोरा, गळ्यातला मफलर या वस्तू श्रद्धेच्या असोत वा हौसेच्या असोत, गॅरेजात शिरताना खुंटीवर काढून ठेवाव्यात. त्यात श्रद्धेचा कोणताही उपमर्द होत नाही.

आपल्या समाजाला असे नियम अंगवळणी पाडता येतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांना मी एका जुन्या गोष्टीची आठवण करून देईन. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यास स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात, वीज खेड्यांत पोहोचण्यापूर्वी, विहिरीविहिरींवर डिझेल इंजिने आली. हँडल मारून ती सुरू करावी लागत, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की हँडलभोवती वळलेला अंगठा मोडे. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून हँडल धरावे, म्हणजे झटका बसला तरी ते हातातून सुटून जाते, हा धडा शेतकऱ्याने शाळेत नव्हे, विहिरीच्या थारोळ्यावर बापाकडून मुलाने आणि भावाकडून भावाने घेतला. तेथे ना निरीक्षक होता ना दंड. होती ती फक्त एकमेकांना बजावून सांगण्याची रीत. हीच रीत आज गॅरेजात क्षीण झाली आहे, कारण यंत्रे बदलली आणि बजावण्याचे शब्द जुनेच राहिले.

या बदलाचे सर्वांत भयावह उदाहरण म्हणजे डिझेलच्या फवाऱ्याची जखम. तिच्याविषयी मी किंचित विस्ताराने लिहितो, कारण ती दिसते अगदी क्षुल्लक. जुन्या ट्रॅक्टरच्या नोझलमधून डिझेल सुटे ते वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाने. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात हा दाब सोळाशे ते दोन हजार पटींपर्यंत जातो. एखादा जोड झिरपतो आहे का हे पाहण्यासाठी मिस्त्रीने सवयीने त्यावरून बोट फिरविले, किंवा नोझल तपासताना तिच्या तोंडाशी हात नेला, तर तो सूक्ष्म फवारा सुईप्रमाणे त्वचा भेदून आत शिरतो. बाहेर दिसतो तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. रक्त जवळजवळ नाही, वेदनाही पहिल्या तासा-दोन तासांत फारशी नाही. माणूस बोट चिंधीने पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र ते डिझेल स्नायूंच्या आवरणांतून तळहातापर्यंत, कधी मनगटापर्यंत पसरते, सूज रक्तवाहिन्या दाबून टाकते, आणि शस्त्रक्रियेने जागा उघडून स्वच्छ करण्यास उशीर झाला तर बोट, प्रसंगी हातही, कापावा लागतो. तेव्हा झिरपणाऱ्या नळीवरून बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. नळी सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून दाब उतरू द्यावा. आणि चुकून फवारा लागलाच तर जखम कितीही लहान दिसो, तडक दवाखान्यात जाऊन 'डिझेल दाबाने आत गेले आहे' हे शब्द डॉक्टरांना सांगावेत, कारण ते शब्द सांगितले नाहीत तर टाचणीएवढ्या ठिपक्यावर मलम लावून परत पाठविणे कोणत्याही डॉक्टरला स्वाभाविक वाटेल. हाताची अशी शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद गाठावयाचा तर येवल्याहून नाशिकपर्यंत सुमारे ८० किलोमीटर जावे लागते. त्या प्रवासाचा वेळ हिशेबात धरला तर 'उद्या बघू' म्हणण्यास जागा उरत नाही.

जॅकविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याचा नियम सर्वांस ठाऊक आहे आणि तरीही मोडला जातो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याच्यातले एक रबरी सील फाटले की टनावारी वजन खाली येते. गाडीखाली शिरण्यापूर्वी भक्कम स्टँड किंवा निदान आडवे लाकडी ठोकळे लावावेत, रचलेल्या विटा कधीही नाहीत, आणि चाकांना पुढेमागे अडसर घालावा. ट्रकचे इंजिन अर्ध्या टनाच्या आसपास भरते. ते चेनपुलीला टांगलेले असताना त्याच्याखाली डोके घालून पाना लावणे, ही धिटाई नव्हे.

ज्या इजा रक्त काढीत नाहीत त्यांच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. निफाड-येवल्याच्या पट्ट्यात पौष-माघातली थंडी किती बोचरी असते हे मी सांगावयास नको. रात्री काम चालू असले की शटर अर्धे ओढून आत इंजिन चालू ठेवण्याचा मोह होतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे हीच त्याची सूचना, आणि पुष्कळदा ती सूचना थकव्याच्या खाती मांडली जाते. ब्रेकचे ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडविण्याची पद्धत तर तत्काळ थांबली पाहिजे, कारण ब्रेक लायनर आणि जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याचे तंतू फुप्फुसात रुतले की वीस-तीस वर्षांनी त्याचे फळ भोगावे लागते. ओल्या फडक्याने पुसण्यास पाच मिनिटे अधिक लागतील, एवढेच.

आणि जळके ऑइल. कापडाशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे अशा येवलेकरांना या बाबतीत इंग्लंडातील लँकेशायरच्या सूतगिरण्यांची हकिगत जवळची वाटावी. तेथे म्यूल नावाच्या सूत कातण्याच्या यंत्रावर वाकून काम करणाऱ्या कामगारांची वस्त्रे चात्यांच्या खनिज तेलाने कमरेपासून मांड्यांपर्यंत दिवसभर भिजत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामगारांना वृषणावरील त्वचेचा कर्करोग होत असल्याचे उघडकीस आले. अखेर १९५३ साली त्यासाठी स्वतंत्र नियम करावे लागले. शुद्ध न केलेल्या खनिज तेलांची गणना आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगसंशोधन संस्था माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या वर्गातील द्रव्यांत करते, आणि इंजिनात जळून काळे झालेल्या ऑइलात अशी घातक संयुगे आणखी साठत जातात. आपल्या गॅरेजातील पोरगा ऑइलने थबथबलेले फडके पँटच्या खिशात खोचतो आणि तीच पँट आठवडाभर घालतो. फडके खिशात ठेवू नये, ऑइलाची पँट रोज बदलावी, हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत, या गोष्टींना पैसा लागत नाही. पेट्रोलने सुटे भाग धुण्याची सवयही अशीच जीवघेणी आहे. डिझेलची वाफ पेटण्यास सामान्यतः पस्तीस अंशांहून अधिक उष्णता लागते, पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते, आणि ती जमिनीलगत सरपटत दूरच्या वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोहोचते. टँकरच्या वाटेवरच्या आपल्या गावाला एवढे अधिक सांगितले पाहिजे, की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. टाकी धुऊन, वाफ काढून, पाण्याने भरून घेतल्याखेरीज जो मिस्त्री तिला ज्योत लावण्यास नकार देतो, त्याला भित्रा म्हणण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती निंद्य आहे.

येथे मला ग्राहकाविषयी बोलले पाहिजे, आणि वाचकांपैकी बहुतेक जण ग्राहकच असल्यामुळे हा परिच्छेद त्यांनी आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे. कांद्याचा भाव चढा आहे, ट्रॉली भरून उभी आहे आणि ट्रॅक्टरने वाटेत मान टाकली, अशा वेळी शेतकऱ्याचा जीव कासावीस होतो हे मी जाणतो. उसाच्या गाडीवानाचा आणि शिर्डीच्या आरतीला निघालेल्या कुटुंबाचाही होतो. पण 'तासाभरात करून द्या, मिस्त्री' या वाक्याबरोबर आपण इंजिन निवण्याचा वेळ, स्टँड लावण्याचा वेळ, बॅटरीची तार सोडण्याचा वेळ मिस्त्रीकडून काढून घेतो; आणि नकार द्यावा तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाणार हे त्याला ठाऊक असते. गरम इंजिनाला अर्धा तास निवू देणारा मिस्त्री आपला वेळ वाया घालवीत नाही, तो आपल्याच कामाची पहिली पायरी करीत असतो, इतकी समज गिऱ्हाइकाने बाळगली तर कोणत्याही निरीक्षकाने होणार नाही एवढे संरक्षण मिस्त्रीला मिळेल.

गॅरेजातल्या पोरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याने ज्या व्यवसायांत मुलांना मज्जाव केला, त्यांच्या यादीत मोटार गॅरेजेही आली होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास जवळजवळ सरसकट मनाई झाली आणि अठरापर्यंतच्या मुलांना धोक्याच्या कामात घालण्यासही. तरीही 'शिकतोय' या एका शब्दाच्या आड पुष्कळ लहान हात पाने पुसताना दिसतात. उस्तादाच्या हाताखाली शिकण्याची परंपरा मला तुच्छ वाटत नाही. उलट, उत्तम मिस्त्री तिनेच घडविले आहेत. पण मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत चालतो, त्यात सुरक्षिततेचे पाठ आरंभीच दिले जातात, आणि जो मुलगा तेथे जाऊन मग उस्तादाकडे येतो, तो उस्तादालाही काही शिकवू शकतो. असा मुलगा गॉगल लावून ग्राइंडरपाशी बसला असता इतरांनी त्याची थट्टा केली, तर ती थट्टा उस्तादाने तेथल्या तेथे थांबविली पाहिजे, कारण गॅरेजात काय चालते आणि काय चालत नाही हे शेवटी त्याच्याच नजरेवर ठरते.

करावयाचे काय, तर फार मोठे काही नाही. प्रशिक्षण संस्थेने वर्षातून एकदोन रविवार आपली कार्यशाळा गावातल्या मिस्त्रींसाठी उघडून कॉमन रेलचा दाब, बॅटरीचा क्रम आणि ग्राइंडरच्या दगडावर छापलेल्या फेऱ्यांचा अर्थ समजावून द्यावा. उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांनी फवाऱ्याच्या जखमेविषयी मिस्त्रींशी एकदा प्रत्यक्ष बोलावे. बाजार समितीने आणि नगरपरिषदेने मिळून चौफुलीच्या आसपास अग्निशामक नळकांडी, डोळे धुण्याची सोय आणि प्रथमोपचाराची पेटी यांची सामायिक तजवीज करावी, कारण एकेकट्या गॅरेजाला ती परवडत नाही. मिस्त्रींनी आपली संघटना करून हाताखालच्या प्रत्येकाचे नाव, वय आणि कामावर आल्याची तारीख एका वहीत लिहावी. एवढी वहीदेखील भरपाईच्या दाव्यात दस्तऐवज म्हणून उपयोगी पडेल. आणि खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक जॅक वजनाखाली तपासावा, चेनपुलीची कडी न् कडी पाहावी, तडा गेलेला ग्राइंडरचा दगड फोडून टाकावा, दांडा ढिला झालेला हातोडा बाजूस काढावा, आणि जी अवजारे या तपासणीत उतरली तीच दुसऱ्या दिवशी पूजेला मांडावीत. ऊस तोडणी सुरू होते आणि लाल कांद्याच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागतात त्या दसऱ्यानंतरच. तपासणीला याहून सोयीचा दिवस मिळणार नाही.